डावा पाय पाच मिलिमीटर मागे

सायकलीचं पुढचं चाक मधोमध बसत नव्हतं. चिमट्याचे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या क्राउनच्या खाली, रिम आणि डावा पाय यांच्यामध्ये करंगळी अडकत होती, उजवीकडे अंगठा सहज फिरत होता. व्हर्नियरने मोजलं तर दोन्ही बाजूंच्या फटींत 8 मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे रिम मध्यरेषेपासून 4 मिलिमीटर डावीकडे. शिवाय हँडल सरळ धरलं की चाक डावीकडे बघायचं, आणि चाक सरळ केलं की हँडल उजवीकडे वळायचं.

सायकल माझ्या मोठ्या मामांची. काळी, 28 इंची चाकांची रॅले, पुढच्या नळीवर बगळ्याचं चिन्ह आणि त्याच्याखाली नॉटिंगहॅमचं नाव. मामा वाईजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू होण्याआधी इंग्लंडहून बनून आलेल्या सायकली पुण्यात मिळत, त्यांतली ही एक. पगाराच्या मानाने ती किती महाग पडली असेल, याचा हिशोब मामांनी कधी सांगितला नाही, पण दर दिवाळीच्या सुट्टीत तिचं ओव्हरहॉलिंग ते स्वतः अंगणात गोणपाट पसरून करत. त्या काळी सायकलीचा कर भरावा लागे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. तसा एक पितळी बिल्ला अजून तिच्या चिमट्याला तारेने बांधलेला आहे.

मामा गेले, त्यानंतर मामेभावाचा फोन आला. "दादा, इथे ती पडवीत गंजेल. तू टूलरूममध्ये आयुष्य काढलंस, तुझ्याकडेच ती नीट राहील." भोसरीच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त आहे. त्याने सायकल ट्रान्सपोर्टने पाठवली. ट्रकमध्ये जागा कमी लागावी म्हणून तिथल्या माणसांनी पुढचं चाक काढून बाजूला बांधलं. वाटेत कुठेतरी एखादी जड पेटी पुढून घसरली असावी. सायकल उतरवून घेतली तेव्हा डाव्या पायाच्या टोकाजवळ रंग खरवडलेला होता आणि आत पोलाद चमकत होतं.

चाक जागेवर असतं तर कदाचित काही झालं नसतं. एक्सल चिमट्याच्या दोन्ही पायांना एकमेकांशी जखडून ठेवतो, धक्का एका पायाला बसला तरी दोघे मिळून तो सोसतात. चाक काढलं की प्रत्येक पाय एकटा. वरून जाड, खाली निमुळती होत गेलेली, टोकाशी पुढे वळलेली ती नळी आडवा धक्का फारसा सोसू शकत नाही.

घराजवळच्या दुकानात नेली. तिथला मुलगा कामाला चपळ होता. त्याने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "काका, तारा ओढून रिम उजवीकडे घेतो, पाच मिनिटांचं काम आहे." दुसऱ्या दुकानात सांगितलं की एक्सल बसतो ती खाच एका बाजूने कानशीने घासली की चाक आपोआप मध्ये येतं. तिसरीकडे सल्ला मिळाला, नवा चिमटा टाका, जुना भंगारात द्या.

हे तिन्ही उपाय सर्रास केले जातात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. तारा ओढून रिम एका बाजूला नेली तर चिमटा वाकडाच राहतो, आणि वर चाकही वाकडं होतं. पुढे कधी पंक्चर काढताना चाक उलटं बसवलं, की 4 मिलिमीटरची चूक 8 मिलिमीटरची होते. खाच घासली तर पोलाद कायमचं गेलं, ते परत येत नाही. आणि एक्सल खाचेच्या तळाशी बसत नाही, तो नटाच्या जोरावर अधांतरी धरला जातो. नव्या चिमट्याचा सल्ला ऐकायला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण रॅलेच्या बाबतीत तो सहज जमत नाही. चिमट्याच्या नळीवरचे आटे रॅले आपल्या पद्धतीने पाडत असे, इंचाला 26. इंग्लंडच्या इतर बहुतेक कारखान्यांचे आटे इंचाला 24. दिसायला दोन्ही सारखेच, पण 24 च्या चिमट्यावर 26 ची वाटी दोन फेऱ्यांत अडकते, आणि जोर केला की दोन्हींचे आटे जातात. नळीची लांबीही फ्रेमच्या उंचीप्रमाणे बदलते. त्यात क्राउनचा तो गोल, टोप्या घातल्यासारखा दिसणारा घाट रॅलेचा खास, लांबूनही ओळखू येणारा. मला तोच चिमटा हवा होता.

नाना पेठेत एक वयस्कर मिस्त्री आहेत. दुकान म्हणजे एक फळी, एक शिकंजा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिमा. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे असतील. मी सगळं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. "साहेब, आधी चाक उलटं घाला."

ही पहिली तपासणी प्रत्येकाने करावी अशी आहे, आणि तिला कसलंही हत्यार लागत नाही. चाक काढायचं, डावी बाजू उजवीकडे करून पुन्हा बसवायचं, एक्सल दोन्ही खाचांच्या तळाला टेकला आहे ना हे पाहायचं, आणि रिम कुठे येते ते बघायचं. आधी डावीकडे असलेली रिम आता उजवीकडे गेली, तर दोष चाकाचा. तारांचा ताण बिघडला आहे, चाकाचा आऊट काढावा लागेल. रिम पुन्हा डावीकडेच राहिली, तर चाक निर्दोष आणि दोष चिमट्याचा. आमची रिम डावीकडेच राहिली.

मग मिस्त्रींनी फ्रेम पाहिली. पुढून धक्का बसलेल्या सायकलीत चिमट्याच्या आधी बऱ्याचदा फ्रेम दुमडते. हेडच्या मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी बारीक सुरकुती पडते. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. डोळे मिटून ते त्या नळीवरून आणि वरच्या दांड्याच्या खालून बोट फिरवत राहिले. नंतर मागच्या एका खाचेला सूत बांधून ते हेडला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणलं आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुताचं अंतर पट्टीने मोजलं. दोन्ही सारखी. फ्रेम सरळ होती.

"काम चिमट्याचंच आहे," ते म्हणाले. "पण मोजल्याशिवाय मी दाबणार नाही. तुमच्याकडे सपाट लादी असेल तर तिच्यावर मोजून आणा."

टूलरूममधल्या माणसाला हे वाक्य किती आवडलं असेल! मोजायच्या आधी हातोडी उचलायची नाही, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

चिमटा काढणं हे सळयांच्या ब्रेकच्या सायकलीवर थोडं वेळखाऊ आहे. हँडलपासून चिमट्यापर्यंत ब्रेकच्या सळया जोडलेल्या असतात, आधी त्या सोडवायच्या. मग हँडलच्या दांड्यातला लांब बोल्ट चार-पाच आटे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक नेमका फटका द्यायचा. आतली पाचर खाली सुटते आणि हँडल वर येतं. लॉकनट, वायसर, वरची वाटी काढली की चिमटा खालून हातात येतो आणि त्याच्याबरोबर छर्रे सांडतात. 5/32 इंचाचे ते बारीक छर्रे फरशीवर गेले तर संपलं, म्हणून खाली जुनं धोतर पसरायचं. आमचे छर्रे झिजून निस्तेज झाले होते, ते नवेच घ्यायचे होते. वाट्या मात्र चकचकीत होत्या, त्यांच्यावर छर्‍यांचे खड्डे पडलेले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीतलं ते ग्रीस फुकट गेलं नव्हतं.

एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेट होती. चिमट्याची सरळ नळी दोन व्ही ब्लॉकवर आडवी ठेवली. खाचांमध्ये एक सरळ, तपासलेला एक्सल बसवला नाही, कारण एक्सल घातला की दोन्ही पाय एकमेकांना ओढतात आणि खरं माप लपतं. प्रत्येक खाच वेगळी मोजली.

पायांची टोकं पुढे किती आलेली आहेत हे प्रथम पाहिलं. नळीच्या मध्यरेषेपासून उजवी खाच 76 मिलिमीटर पुढे होती, सुमारे 3 इंच. अशा उभ्या, ऐसपैस सायकलींना एवढाच बाक असतो. डावी खाच 71 वर. म्हणजे डावा पाय 5 मिलिमीटर मागे. मग क्राउनच्या बैठकीपासून गुण्या लावून लांबी मोजली. डावा पाय उजव्यापेक्षा 2 मिलिमीटर लांब! धक्का बसून पाय लांब कसा होईल? पण वळणाचा विचार केला की कोडं सुटतं. खालचं वळण मागे रेटलं गेलं म्हणजे ते थोडं सरळ झालं, आणि वळलेली नळी सरळ झाली की तिचं टोक खाली उतरतं. एकाच वाकाने दोन चुका केल्या होत्या.

इथे मला एक हिशोब जुळेना, आणि तो जुळल्याशिवाय पुढे जायची माझी तयारी नव्हती. या चिमट्याच्या दोन खाचांमध्ये 91 मिलिमीटर अंतर आहे. 28 बाय दीड इंचाच्या टायरसाठीच्या रिमचा बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या जवळजवळ 318. एक्सलचं एक टोक 1 मिलिमीटर खाली गेलं, तर रिमच्या माथ्यावर ती चूक साडेतीन पट होऊन दिसणार. 2 मिलिमीटर फरकाला रिम 7 मिलिमीटर सरकायला हवी होती, ती तर फक्त 4 मिलिमीटर सरकली होती. कागदावर आकृती काढल्यावर उत्तर मिळालं. डावं टोक मागे गेल्यामुळे चाक डावीकडे वळलं होतं. क्राउनखाली येणारा रिमचा भाग हा एक्सलच्या मागच्या अंगाला पडतो. चाकाचं तोंड डावीकडे वळलं की हा मागचा भाग उजवीकडे जातो. एक चूक रिमला डावीकडे ढकलत होती, दुसरी तिला निम्म्याहून थोडी कमी परत आणत होती. म्हणून क्राउनजवळची फट पाहून चिमट्याचा दोष जोखणं धोक्याचं आहे. वाक अगदी क्राउनलगत असता, तर या दोन चुकांनी एकमेकींना पुरतं झाकलं असतं. फट दोन्हीकडे सारखी दिसली असती आणि सायकल तरीही वाकडी चालली असती.

आता दुसरा प्रश्न. डावा पाय मागे गेला, की उजवा पुढे आला? सरफेस प्लेट फक्त फरक सांगते, दोषी कोण ते सांगत नाही. मी जाड पुठ्ठ्यावर उजव्या पायाच्या वळणाचा साचा कापला आणि तो डाव्या पायावर धरला. वरचा सरळ भाग आणि वळणाची सुरुवात तंतोतंत जुळली, मग टोकापासून 15-16 सेंटीमीटरवर साच्याखाली उजेड दिसू लागला. त्याच ठिकाणी काळ्या रंगाला केसासारख्या बारीक भेगा होत्या. उजव्या पायाचं वळण मात्र सलग होतं. खरवडाही डावीकडेच होता. तीन साक्षी एकाच बाजूला.

रंगाला भेगा आहेत म्हणजे आत पोलादाला नाहीत ना, हे पाहणं सर्वांत महत्त्वाचं. मागची कोणतीही नळी मोडली तर माणूस लडबडत का होईना थांबतो. चिमटा मोडला तर तो तोंडावर पडतो. आमच्याकडची जुनी पद्धत वापरली. त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने काढला, रॉकेलने भिजवून ठेवलं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि वर खडूची भुकटी भुरभुरवली. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ उमटते. क्राउनचा जोड, नळीचा क्राउनजवळचा बुंधा, वाकाची जागा, तिन्ही ठिकाणी भुकटी कोरडी राहिली. एक जरी रेघ दिसली असती तर हा चिमटा मी भिंतीवर लावला असता, सायकलीवर नाही.

पाच मिलिमीटरने काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर एवढं चालतं असंही म्हणतील. चालवून पाहिल्यावर मात्र कुणी म्हणणार नाही. सायकल सरळ राहते त्यात चिमट्याच्या तिरकेपणाचा आणि बाकाचा मोठा वाटा आहे. हेडच्या नळीतून एक सरळ रेघ जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. त्यामुळे टेकण्याची जागा वळण्याच्या रेषेच्या मागे मागे येते, ऑफिसच्या खुर्चीची चाकं ढकलू तिकडे आपोआप वळतात तशी. बाक कमी झाला की हे अंतर वाढतं आणि हँडल जड होतं, बाक वाढला की हँडल हलकं आणि चंचल. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा ध्यास घेतला होता, त्याबद्दलचा त्याचा लेख 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. चाकाच्या फिरण्याचा परिणाम पुसून टाकणारी सायकल त्याने बनवली, ती चालवता आली. चिमटा उलटा बसवला, सायकल सुस्तावली पण फारच स्थिर झाली. शेवटी पुढचं चाक 4 इंच पुढे नेलं, तेव्हा कुठे ती चालवणं खरोखर अवघड झालं. चिमट्याच्या मापावर किती अवलंबून आहे हे त्याच्या त्या खटाटोपातून मला फार चांगलं कळलं. पुढच्या काळात इतर संशोधकांनी दाखवलं की स्थिर राहण्याची आणखीही कारणं आहेत, आणि या अंतराशिवायही सायकल तोल सांभाळू शकते. तरी आपल्या रस्त्यावरच्या साध्या सायकलीत हे अंतर मोलाचं आहेच. आमच्या चिमट्यात तर दोन पायांची दोन मापं होती.

त्याहून रोजचा त्रास ब्रेकचा. या सायकलींचे ब्रेक रिमला बाजूने चिमटत नाहीत. नालेसारखा एक कमान-तुकडा वर ओढला जातो आणि त्याची दोन रबरं रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या दोन्ही बाजूंना, खालून टेकतात. रिम डावीकडे सरकली की डावं रबर तारांच्या मुळांकडे चढतं आणि उजवं कडेबाहेर लोंबतं. अशा ब्रेकवर साधा उतारसुद्धा उतरू नये.

मोजमापांचा कागद घेऊन मी परत नाना पेठेत गेलो. मिस्त्रींनी कागद बाजूला ठेवला आणि आधी स्वतः पाहिलं. सरळ चाक चिमट्यात बसवून, चिमटा डोळ्यासमोर उलटा धरून, चाकाच्या कडेवरून नळीकडे नजर टाकली. नळी चाकाच्या रेषेत दिसायला हवी. मग पुठ्ठ्याचा साचा हातात घेऊन त्यांनी डाव्या पायावर नखाने खूण केली. मी पाहिलेल्या जागेपासून ती बोटभर खाली होती. साचा पुन्हा लावून पाहिला. वाक सुरू कुठे होतो ते मी पाहिलं होतं, तो सर्वांत जास्त कुठे आहे ते त्यांनी पाहिलं होतं, आणि दाबायचं असतं ते तिथेच.

त्यांच्याकडे बाभळीच्या लाकडाचा एक ओंडका आहे, मध्ये चिमट्याच्या पायाच्या आकाराची लांब खाचण कोरलेली. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली आहे. नळी शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात कधीच धरायची नाही, ती चेपते आणि चेपलेली नळी कुणालाच सरळ करता येत नाही. पाय त्या खाचणीत बसवला, वरून दुसरा लाकडी तुकडा, आणि मग शिकंजा आवळला, वाकाची जागा ओंडक्याच्या कडेवर येईल असा. खाचेत जुना एक्सल दोन्ही नटांनी पक्का केला आणि त्यावर हातभर लांब पाइप चढवला.

आच लावायची नाही, हे मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं. क्राउनचा आणि टोकांचा जोड पितळेने डाखलेला असतो, शिवाय रंग जातो आणि पोलादाचा कस बदलतो. थंडच दाबायचं. थंड पोलाद हट्टी असतं. थोडं दाबलं तर हात सोडताच ते जागेवर येतं, काहीच झालं नाही असं. आणखी दाबलं, पुन्हा परत. एका ठिकाणी मात्र हाताला काहीतरी वेगळं कळतं. जोर तोच राहतो आणि पाइप थोडा जास्त येतो. तिथपासून पुढे जेवढं नेऊ तेवढं ते राहतं. ही जागा मिस्त्रींच्या हाताला अचूक कळत होती. प्रत्येक वेळी ते पाय सोडवत, साचा लावत, आणि मला म्हणत, "मोजा." मी उजवी-डावी खाच मोजून सांगत असे. 5 वरून फरक 3 च्या आसपास आला, मग दीडवर. ते थांबले. "आता जपून. पुढे गेलं तर मागे आणावं लागेल आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे केलं की लोखंड कडक होतं, मग तडकतं." शेवटचा दीड मिलिमीटर काढायला आधीच्या सगळ्या कामाइतका वेळ लागला.

फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला तेव्हा मी लांबी मोजली. 2 मिलिमीटरचा फरकही जवळजवळ नाहीसा झाला होता. लांबीला कुणी हात लावला नव्हता. एकाच वाकाने दोन चुका झाल्या हे निदान बरोबर होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला नको होता.

खाचांची तोंडं एकमेकींना समांतर आहेत का, हे राहिलं होतं. दोन सारखे जाड बोल्ट दोन्ही खाचांत आतल्या बाजूला तोंड करून पक्के केले. त्यांची टोकं मध्ये समोरासमोर यायला हवीत. डावा बोल्ट किंचित वर बघत होता. हे काम मोठ्या पान्याने, मनगटाच्या जोराने होतं. खाचा समांतर नसतील तर नट आवळताना एक्सल वाकतो, कोन एका अंगाला झिजतात आणि वर्षा-दोन वर्षांत एक्सल मोडतो. मग लोक एक्सलच्या पोलादाला नावं ठेवतात.

जुळवणी घरी केली. वाट्यांत नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले, वाटी भरल्यावर साधारण एका छर्‍याची जागा मोकळी राहील असे. ठासून भरले तर ते एकमेकांना घासतात. वरची वाटी आवळली की चिमटा स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे वळला पाहिजे आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली तर खडखड येता कामा नये. उघड्या पडलेल्या पोलादावर प्रायमर आणि काळा रंग दिला. नवा रंग जुन्याशी मिळत नाही, दिसतो. दिसू दे. पुढे कुणाच्या हातात ही सायकल गेली तर दुरुस्ती कुठे झाली आहे हे त्याला कळायला हवं. बिल्ला होता तिथे, नव्या तारेने, पुन्हा बांधला.

दोन्ही बाजूंच्या फटींत आता अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक आहे. ब्रेकची दोन्ही रबरं रिमवर सपाट टेकतात. पहाटे रस्ता मोकळा असताना मी लांबवर गेलो, वेग घेतला आणि हँडलवरचे हात हलके केले. सायकल सरळ गेली. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि पावसाळ्यानंतर एकदा दाखवायला सांगितलं. सरळ केलेल्या पायावर नजर ठेवायची असते.

हे सगळं फक्त पोलादाच्या चिमट्यासाठी. अ‍ॅल्युमिनियमचा वाकलेला चिमटा सरळ करायच्या फंदात पडू नका, तो न सांगता तुटतो. कार्बनचा असेल आणि जोराचा धक्का बसला असेल, तर माहीतगाराकडून तपासल्याखेरीज त्यावर बसू नका. पोलादाचाही एकाच जागी दुसऱ्यांदा वाकला, तर तो बदला. आणि कुणाच्या घरची जुनी सायकल गावाहून ट्रकने यायची असेल, तर पुढचं चाक काढू देऊ नका. काढावंच लागलं तर चिमट्याच्या खाचांमध्ये एखादा जुना हब एक्सलसकट बसवा आणि नट आवळून मगच पाठवा. भंगारात असा हब सहज मिळतो.